दगडावरचं बारसं

सर,

माझी बायको गेली. तुम्हाला जाऊन तर आता इतकी वर्षं झाली की ही बातमी मी तुम्हाला द्यायची की तुम्ही मला, हाच प्रश्न आहे. गेल्या आठवड्यात तिचं तेरावं झालं, मुलगा आणि सून परत गेले, घर रिकामं झालं आणि मी ओटीवर बसून हे लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहीत नाही. इंग्रजीत मी तुमच्याशी जन्मभर नीटच वागलो. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हटल्याशिवाय त्या भाषेत मला वाक्यच सुरू करता येत नाही, आणि आज मला तो रिस्पेक्ट जरा बाजूला ठेवायचा आहे. तुम्हाला मराठीतलं 'बस झालं' एवढंच यायचं. तेही माझ्या बायकोने ताटात पोळी वाढता वाढता शिकवलेलं. ते तुम्ही कधीच वेळेवर वापरलं नाहीत.

शेवटच्या दिवसांत ती मला ओळखत नव्हती. मुलगा परदेशातून धावत आला, त्यालाही 'कोण आपण?' म्हणाली. पण एक नाव तिच्या तोंडात होतं. खाटेवरून हात लांब करायची आणि त्या नावाने हाका मारायची, दूध प्यायला बोलवावं तशी. भेटायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघत. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावोजी, वैनी कुना मडमेला हाका मारतायत?" मी तिला काय सांगणार? ती मडम आमची मुलगी होती, आणि तिचं नाव तुम्ही ठेवलेलं होतं.

सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे तुम्हालाही कळेल की मला काही विसरायला झालेलं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बहारीनला, मनामात एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो. बढती हवी तर इंग्रजी सुधार, असं मॅनेजर म्हणाला, म्हणून मी एका शाळेत संध्याकाळी चालणाऱ्या मोठ्या माणसांच्या वर्गाला गेलो. इंग्रजीचा वर्ग भरलेला होता. इतिहासाच्या वर्गात जागा होत्या, म्हणजे सगळ्याच जागा होत्या. तुम्ही फळ्यावर अमेरिकेचा नकाशा टांगून एकटेच उभे होतात, उंच, काटकुळे, सँडलमध्ये मोजे घातलेले. मी विचारलं, "साहेब, इंग्रज माणसाने बहारीनमध्ये बसून आम्हा इंडियन लोकांना अमेरिकेचा इतिहास कशाला शिकवायचा?" तुम्ही खो खो हसलात. म्हणालात, "कारण इंग्लंडमध्ये तो कोणी ऐकून घेत नाही. बस खाली."

तो विनोद नव्हता, हे मला नंतर कळलं. तुमचा बाप उत्तर इंग्लंडमधल्या एका कापडगिरणीत मुकादम. तुम्ही स्कॉलरशिपवर शिकलेले, घराण्यातले पहिले. लढाईत तुम्ही नौदलात होतात आणि अटलांटिक ओलांडून प्रथम अमेरिकेच्या धक्क्याला लागलात, तेव्हा त्या देशाच्या प्रेमात पडलात. लढाई संपल्यावर तुम्ही तिथे परत गेलात आणि खेड्यापाड्यांतून बसने हिंडत पहिल्या वसाहतवाल्यांच्या कबरी वाचत सुटलात. कोण कधी मेलं, कशाने मेलं, मागे कोण उरलं. त्यावर तुम्ही पुस्तक लिहिलंत. त्यातला तुमचा मुद्दा एवढाच होता की माणसं बोटीतून उतरली म्हणून त्या मुलखाची होत नाहीत. आपलं पहिलं मढं तिथल्या मातीत पुरलं आणि त्यावर नाव घातलं, की मग होतात. अमेरिकेत पुस्तकाचं कौतुक झालं, पण शेवटी तुम्ही तिथे परदेशी. इंग्लंडमध्ये तुमच्या युनिव्हर्सिटीतले लोक म्हणायचे, अमेरिकेला कसला आलाय इतिहास, काल जन्मलेलं पोर ते. तुमच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला प्रोफेसर केलं आणि तुम्हाला तसंच ठेवलं. ना घरका ना घाटका, अशी तुमची गत झाली आणि तुम्ही राजीनामा तोंडावर फेकून आमच्यात आलात. मला तेव्हा तुमची फार कीव यायची. आपल्यासारखाच हा, असं वाटायचं.

तुम्ही मला तुमच्या नव्या पुस्तकाच्या टायपिंगचं काम दिलंत. शुक्रवारी सकाळी मी तुमच्या घरी यायचो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला टाइपरायटर, एका बाजूला तुमचा करपलेला टोस्ट आणि मार्मालेडची बरणी. तुम्ही हातात कप घेऊन फेऱ्या घालत सांगायचात आणि मी बडवायचो. पंखा लावला की कागद उडायचे आणि बंद केला की आपण दोघं उकडून निघायचो, म्हणून तुम्ही कागदांवर समुद्रावरून आणलेले गोटे ठेवायचात. एकदा एका प्रकरणात पहिल्या हिवाळ्यात मेलेल्या माणसांची नावंच नावं होती, पानभर. मला वाटलं, ही कोण वाचणार? मी त्यातली निम्मी गाळली आणि 'वगैरे' असं टाइप केलं. तुम्ही पान वाचलंत आणि तुमचा चेहरा लाल झाला. कप खाली ठेवलात. "वगैरे?" तुम्ही म्हणालात. "ही माणसं वगैरे होती? माणसाचं नाव गाळणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा मारणं, एवढं लक्षात ठेव." मी मान खाली घालून पान परत टाइप केलं. घरी येऊन बायकोला ते वाक्य मराठीत करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बरोबर बोलले की ते." तिला तुम्ही आवडायचात. पहिल्यापासून आवडायचात, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

ती लग्न होऊन बहारीनला आली तेव्हा तिला दोन शब्द बोलायला कोणी नव्हतं. महिन्यातून एकदा तिथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम, तिथे चार बायका, बाकी दिवसभर एक खोली आणि एसीची घरघर. तुम्ही जेवायला यायचात, जमिनीवर मांडी घालायला बघायचात आणि तुमचे गुडघे दोन्हीकडे उभे राहायचे. ती पदरात तोंड लपवून हसायची. वर्गात तुम्ही आम्हाला सांगितलेली एक गोष्ट मी तिला सांगितली होती. अमेरिकेच्या किनाऱ्यावर एका बेटावर इंग्रजांची थोडी माणसं उतरली. तिथे त्यांना एक मुलगी झाली, त्या मुलखात जन्मलेली पहिली इंग्रज मुलगी. मुलीचा आजोबा सामान आणायला इंग्लंडला गेला, तिकडे लढाई लागली, त्याला परत यायला वर्षं लागली. आला तर बेट रिकामं. माणसं नाहीत, मुलगी नाही, तिची कबरही नाही. आजतागायत कोणाला पत्ता नाही. ही गोष्ट सांगताना वर्गात तुमचा आवाज बसला होता. बायकोने ऐकलं आणि विचारलं, "आणि त्या पोरीची आई?" मी म्हटलं, तीही गेली. "मग ठीक आहे," ती म्हणाली, "बरोबर गेल्या."

पुढे आम्हाला मुलगी झाली. बारशाची तयारी मंडळातल्या बायका करत होत्या. नाव ठेवायचं माझ्या बहिणीने, आत्याने. ती गावाला, तिला काही यायला जमणार नव्हतं, म्हणून तिने नाव एका चिठ्ठीत घालून पाठवायचं ठरवलं होतं. तोवर ते कोणाला सांगायचं नाही, बारशाला पहिल्यांदा बाळाच्या कानात पडलं पाहिजे, अशी तिची अट. नाव यायच्या आधीच मुलगी गेली. दूध ओढेना, अंग गार पडायला लागलं, हॉस्पिटलात नेली आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, सॉरी. बस, एवढंच.

आमच्यात इतक्या लहान पोराला अग्नी देत नाहीत, सर, हे तुम्हाला मी त्या दिवशीच सांगितलं होतं. पुरतात. खड्ड्यात मीठ घालतात, वर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून एक धोंडा ठेवतात आणि मागे न बघता परत येतात. बायका जात नाहीत. वर्षश्राद्ध नाही, तिथी नाही, पान नाही. जागा ध्यानात ठेवायची नाही. ह्यात निर्दयपणा नाही, उलट आहे. ज्या बाईच्या छातीत अजून दूध आहे तिने कुठल्या मातीकडे बघत बसू नये, यासाठी कोणा शहाण्या म्हाताऱ्याने घालून दिलेली ती वाट आहे. गाडी तुमची होती. खणलं माझ्या मित्राने. तो आमच्याच तालुक्यातला, खाडीपलीकडच्या मुसलमान वाडीतला, बहारीनमध्ये हिद्द गावात राहायचा आणि पिकअप चालवायचा. वस्तीपासून लांब, खडकाळ मोकळ्या रानात आमच्या लोकांची स्मशानाची जागा होती, तिच्या कडेला. तुम्ही टोपी हातात धरून उभे होतात. मला विचारलंत, "नाव काय?" मी म्हटलं, नाव नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत, जसं काही मला प्रश्न कळला नव्हता. मित्राने धोंडा ठेवला, हात झटकले आणि म्हणाला, "चल. मागं बघू नको." आम्ही दोघं चालायला लागलो. तुम्ही मात्र मागे वळून वळून बघत होतात.

बायको सावरत होती, सर. हे मी छातीला हात लावून सांगतो. रडायची, पण रडून झालं की उठायची. मंडळातल्या बायका येऊन बसायच्या, तिला कोणी 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. ती मला एकदाच म्हणाली, "लांब आहे का हो?" मी म्हटलं, "मला नाही सांगता यायचं, सगळीकडे सारखंच रान आहे." ती म्हणाली, "बरं झालं." थंडी सुरू झाली तशी ती पुन्हा स्वयंपाक नीट करायला लागली. आणि एका शुक्रवारी तुम्ही गाडी घेऊन दारात उभे राहिलात. म्हणालात, चला, झल्लाकला जाऊ, समुद्राची हवा खाऊ.

किती खूश झाली होती ती! आल्यापासून तिने तिथला समुद्र धड पाहिला नव्हता. तिने शिरा केला, डब्यात भरला, लग्नातली मोरपंखी साडी नेसली. गाडीत मागे बसून ती मला म्हणाली, "सरांना आपली किती काळजी!" मी पुढे बसलो होतो. रस्ता ओळखीचा लागायला लागला तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही समोर बघत होतात आणि थोडं हसत होतात, लहान मुलाला खाऊ देण्याआधी माणूस हसतो तसं. मी म्हणालो, "सर, हा झल्लाकचा रस्ता नाही." तुम्ही म्हणालात, "आधी एक छोटं काम आहे."

धोंडा नव्हता. त्याच्या जागी पांढरा, गुळगुळीत, गुडघ्याएवढा उंच दगड उभा होता. तुबलीच्या कुठल्याशा कारखान्यातून कापून आणलेला. त्यावर इंग्रजी अक्षरं. बायको गाडीतून उतरली, साडीच्या निऱ्या सावरत दगडापर्यंत गेली. तिला अजून काही कळलं नव्हतं. इंग्रजी अक्षरं तिला एकेक लागायची. तिने मला विचारलं, "अहो, काय लिहिलंय हे?" मी वाचलं. खाली माझं आडनाव होतं, म्हणून टाळता येईना. वर त्या बेटावरच्या मुलीचं नाव होतं. त्या हरवलेल्या इंग्रज पोरीचं नाव तुम्ही माझ्या मुलीला दिलं होतंत. माझ्या मुलीचं नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं ते मी, तिच्या आईच्या कानात, त्या उन्हात. आत्याच्या जागी तुम्ही होतात आणि पाळण्याच्या जागी तो दगड. बायको खाली बसली, डबा उघडला आणि शिऱ्याचा एक घास दगडाच्या पायाशी ठेवला. तुमचे डोळे भरून आले होते. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "आता ती हरवणार नाही." भीक नको पण कुत्रं आवर, असं आमच्यात म्हणतात, सर. मला ते इंग्रजीत कसं म्हणायचं ते आलं नाही. झल्लाकला आपण गेलोच नाही.

त्यानंतर ती सावरली नाही. तिला आता जागा माहीत झाली होती. दर शुक्रवारी मला म्हणायची, "चला ना, ती वाट बघत असेल." नाही म्हटलं की जेवायची नाही. शेवटी माझा मित्र पिकअपमधून आम्हाला न्यायचा. तिने त्या दगडाला हळदकुंकू वाहिलं, उन्हाळ्यात त्याच्यावर ओलं फडकं टाकायला लागली, पोरीला ऊन लागतं म्हणून. मंडळातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बोलावून सांगितलं, असं स्मशानात नाव घालून दगड उभा करणं आपल्यात बसत नाही, काढून टाका. काढणार कोण? तुम्ही स्मशानाच्या कमिटीच्या शेटना जाऊन भेटून आला होतात, आणि गोऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. मित्र तर पहिल्या दिवसापासून तो दगड बघून मान हलवत होता. तो म्हणाला, "वैनी, ह्या इथल्या अरबांच्या कबरी बघा. राजा असो का भिकारी, नुसता धोंडा. नाव कशाला? अल्लाला काय वाचून दाखवायला लागतं?" तुम्ही त्या अरबांमध्ये इतकी वर्षं राहिलात, येता-जाता त्यांच्या कबरस्तानावरून तुमची गाडी गेली, आणि तुम्हाला हे एकदाही दिसलं नाही. तुम्हाला अमेरिकेतला तुमचा तो व्हर्जिनिया दिसत होता. उंटावरचे शहाणे आमच्याकडे गोष्टीत असतात, मला ते खरेच भेटले.

मी तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? तुमच्या त्याच स्वयंपाकघरात. बसलो नाही. म्हणालो, सर, तो दगड काढून टाका, माझी बायको वेडी होईल. तुम्ही कप ठेवलात. मग तुम्ही मला तुमच्या धाकट्या भावाबद्दल सांगितलंत, जे वर्गात कधी सांगितलं नव्हतंत. लढाईत तो दुसऱ्या बोटीवर होता. अटलांटिकमध्ये कुठेतरी बोट बुडाली. तुमची आई मरेपर्यंत विचारत राहिली, कुठे, नक्की कुठे? "तिला एक दगड मिळाला असता तर ती निवांत मेली असती," तुम्ही म्हणालात. "तुझ्या बायकोला मी तो दिला आहे. आज तुला कळणार नाही. एकदा घातलेलं नाव काढता येत नाही." मला वाईट वाटलं, तुमच्या भावाबद्दल खरंच वाटलं. पण घरी जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि ती आज लिहितो: तुमच्या भावाचा दगड तुम्ही माझ्या पोरीच्या छातीवर ठेवलात. तो तुमच्या आईला हवा होता. माझ्या बायकोने तो मागितला नव्हता. त्यानंतर मी टाइप करायला आलो नाही.

मुलगा झाला तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण ती त्यालाही तिथे न्यायची. माझा मुलगा त्या दगडाला धरून उभं राहायला शिकला, सर. बोलायला लागला तेव्हा 'आई'च्या पाठोपाठ बहिणीचं नाव म्हणायचा. पुढे इंग्रजी शाळेत गेला आणि वाढदिवसाला आईला विचारायला लागला, "व्हाय इज देअर ऑल्वेज अ पीस फॉर हर?" केकचा एक तुकडा वेगळा काढलेला असायचा ना, त्याबद्दल. मराठी त्याला सगळी कळते, बोलत नाही. आईशी तर त्याचं कुठल्याच भाषेत फारसं जमलं नाही. जिवंत पोराच्या ताटात नेहमी दुसरीचा वाटा.

तुम्ही ऐंशीनंतर लवकरच इंग्लंडला परत गेलात. मग तुमचं दुसरं पुस्तक आलं, तुम्ही पोस्टाने पाठवलंत, आत मनापासून दोन ओळी लिहून. ते मी टाइप केलेलं पुस्तक, फक्त शेवटचं प्रकरण सोडून. ते दुसऱ्या कोणाकडून करून घेण्याइतकी अक्कल तुम्हाला होती. त्यात शेवटी आमची मुलगी होती. आखाती बेटावरची एक छोटी कबर, आणि तिचे आईबाप आता त्या बेटावर परके राहिलेले नाहीत, ते आता तिथलेच झाले, असं काहीतरी. मी ते उभ्या उभ्या वाचलं. आम्ही तिथलेच झालो होतो म्हणे! त्याच सुमारास आमच्या मालकाने ऑफिस बंद केलं, व्हिसा संपला आणि इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसाने पासपोर्टवर शिक्का मारला तेव्हा त्याने काही विचारलं नाही की तुमचं इथे कोणी पुरलेलं आहे का. खलास म्हणाला. तुमचा सगळा सिद्धांत, सर, त्या एका शब्दात निघाला. अमेरिकेत गेलेल्यांना कोणी व्हिसा विचारला नव्हता, हे तुमच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

निघायच्या दिवशी ती दगडाजवळ बसली आणि उठेना. सामान पिकअपमध्ये, मुलगा पुढच्या सीटवर, विमानाची वेळ होत आलेली. "तुम्ही जा," ती मला म्हणाली. "तिला एकटीला टाकून मी कशी येऊ?" मी रागावलो, मग हात जोडले. मित्र खाली उतरला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "वैनी, मी हाय ना हितं. येत जाईन शुक्रवारचा. पोर देवाच्या घरी हाय गो माझे बाय, दगडात नाय." ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "मग दगडावर नाव का आहे?" ह्याचं उत्तर तुमच्याकडे असतं, पण तुम्ही तुमच्या बागेत गुलाब छाटत असाल. आम्ही दोघांनी तिला दोन्ही दंडांना धरून उचललं. धोंड्याला पाठ करून जी बाई पूर्वी सहज निघून आली असती, तिला दगडापासून ओढून काढायला दोन पुरुष लागले.

इकडे आल्यावर ती संध्याकाळी मागच्या पडवीत पश्चिमेकडे तोंड करून बसायची. बहारीनहून कोणी सुट्टीवर आलं की त्याला जेवायला बोलवायची आणि हळूच विचारायची. मित्र बिचारा शब्दाला जागला, तिथे होता तोवर दगडाकडे जात राहिला. मग तोही परत आला. तुम्ही गेल्याचं तुमच्या बहिणीने मला कळवलं. तिने लिहिलं होतं, त्याच्या इच्छेप्रमाणे राख अटलांटिकमध्ये सोडली, कबर नको, दगड नको, असं तो बजावून गेला होता. मी ते परत परत वाचलं. आमच्या पोरीला दगड आणि स्वतःला समुद्र. बायकोला फक्त एवढंच सांगितलं की सर गेले. तिने तुमच्यासाठी उपास केला.

आता राहिलं दहाव्याचं. नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेले दिसत होते, खाली येत नव्हते. भटजी म्हणाले, तिच्या मनात काय राहिलंय ते बोला, वचन द्या. मुलगा पुढे झाला आणि तुटक्या मराठीत म्हणाला, "आई, मी बाबांना सांभाळणार." नाही. सून बोलली. शेजारणीही बोलून झाल्या. नाही. माझ्या बहिणीने माझ्याकडे बघितलं. ती आता पिकलं पान झाली आहे. गेल्याच वर्षी मी तिला विचारलं होतं, अगं, तेव्हा काय नाव ठेवणार होतीस तू तिचं? ती म्हणाली, "कशाला विचारतोस? ते मी कोणाला सांगितलं नाही आणि सांगणार नाही. ज्या कानासाठी होतं तो कान गेला." आता तीच मला डोळ्यांनी म्हणत होती, बोल. सगळा गाव उभा होता. मी पुढे झालो, हात जोडले आणि ते इंग्रजी नाव घेऊन मोठ्याने म्हणालो की तिला मी विसरणार नाही. कावळा आला. त्याला भूक लागली असेल.

हे पाठवायचं कुठे? तुम्हाला तर दगडही नाही. आणि एवढं सगळं कडू लिहून झाल्यावर एक गोष्ट तुम्हाला सांगणं मला भाग आहे, दुसऱ्या कोणाला सांगितलेली नाही. हल्ली संध्याकाळी बायकोच्या जागेवर मी बसतो, आणि मुलीची आठवण येते. तिला हाक मारावीशी वाटते. तेव्हा मी तुम्ही ठेवलेलंच नाव घेतो, सर. मला तिचं दुसरं नाव माहीत नाही.